"मांजर कितीही वरून पडलं तरी काही होत नाही" म्हणे!

आठवडाभर आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, आत्तापर्यंत तिघांनी टाकला, काल सी विंगच्या काकांनी परत टाकला आणि खाली हात जोडलेले दोन इमोजी. त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. मांजर नेहमी चार पायांवर पडतं म्हणून त्याला लागत नाही, सातव्या मजल्याच्या वरून पडलं तर उलट जास्त सेफ, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय, एक मांजर तर ३२व्या मजल्यावरून पडलं आणि फक्त दात तुटला, मांजराला उंची बरोबर कळते, आणि म्हणून खिडक्यांना जाळ्या लावून बिल्डिंगचं एलेव्हेशन खराब करू नका. शेवटच्या ओळीला आल्यावर कळलं, अच्छा, म्हणजे मांजराचं निमित्त आहे, राग जाळीवर आहे.

तर काका, राग मानू नका, पण एकेक घेऊया.

चार पायांवर पडतं हे बऱ्याच अंशी खरंच आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग त्याला वर कुठे आणि खाली कुठे ते सांगतो, मग आधी डोकं वळतं, मग पुढचे पाय, मग मागचा भाग. फ्रान्समधल्या मारे नावाच्या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पडणाऱ्या मांजराचे एकामागोमाग एक फोटो काढून हे दाखवलं होतं. पिल्लांना हे सहा-सात आठवड्यांची होईपर्यंत नीट जमायला लागतं. पण पाय खाली आले म्हणजे वेग गेला असं थोडीच आहे! तिसरा मजला म्हणजे साधारण नऊ मीटर, हवेचा अडथळा सोडून दिला तर जमिनीला टेकताना ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास स्पीड होतो, म्हणजे बाईक बऱ्यापैकी पळवतो तेवढा. पुढचे पाय तेवढा मार झेलू शकत नाहीत, ते दुमडतात आणि हनुवटी आणि छाती सरळ फरशीवर आपटते.

हे मला पुस्तकातून नाही, आमच्या चिंगीकडून कळलं. आमचा तिसराच मजला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात किचनच्या स्लायडिंगची मच्छरजाळी तिने पंजाने चार बोटं सरकवली, बाहेर एसीच्या आउटडोअर युनिटवर कबुतर बसलेलं, आणि मी कणिक मळत होते तेवढ्यात खालून धप्प. पिठाच्या हाताने तशीच पळत गेले तर बाईसाहेब पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या खाली बसलेल्या. रक्त नाही काही नाही, मला बघून उठून चालायला पण लागली. वॉचमन म्हणाला, "ताई, चालतेय की, काय नाय झालं." मलाही तेच ऐकायचं होतं. घरी आणली तर वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली आणि तासाभराने तोंड उघडून कुत्र्यासारखा श्वास घ्यायला लागली, पोट नुसतं भात्यासारखं. रात्री साडेदहाला उघडा दवाखाना शोधताना आणि ट्रॅफिकमध्ये रिक्षात मांडीवर ती बास्केट घेऊन बसल्यावर माझी काय हालत झाली ते सोडा. डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं, टाळूला बरोब्बर मधोमध चीर, कैरीवर सुरीने रेघ ओढावी तशी. एक्सरेत फुफ्फुसाच्या बाहेर हवा साठलेली. ती सुईने काढली तेव्हा कुठे श्वास जाग्यावर आला. म्हणजे "चालतेय" याला काही अर्थ नाही. छातीला आणि टाळूला झालेली इजा बाहेरून दिसतच नाही, आणि उंचावरून पडलेल्या मांजरांत छाती, जबडा-टाळू आणि पाय हे तिन्ही ठरलेले.

आता ते अमेरिकेतलं सिद्ध केलेलं. ते न्यूयॉर्कच्या एका प्राण्यांच्या हॉस्पिटलचं आहे, १९८४ मधल्या पाच महिन्यांत पडून आलेली १३२ मांजरं, पेपर छापून आला १९८७ मध्ये. उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली हे खरं. पण त्याच पेपरात असंही आहे की ३७ टक्के मांजरांना जीव वाचवण्यासाठी तातडीने उपचार करावे लागले. फॉरवर्डवाल्याने हे बरोबर गाळलं. साताच्या वर जखमा कमी दिसल्या हेही त्यात आहे, आणि त्यावर त्या डॉक्टरांचा अंदाज असा होता की एका ठराविक वेगानंतर (मांजराचा ताशी ९७ किलोमीटरच्या आसपास) वेग वाढायचा थांबतो, मग मांजर अंग सैल सोडून पसरतं. अंदाज, काका, सिद्धता नाही.

आणि मुख्य गोष्ट, दवाखान्यात कोण आलं? जिवंत होतं ते आलं. जे जागच्या जागी गेलं त्याला कोण कशाला केस पेपर काढायला नेईल? आपल्याकडेच बघा, सकाळी पोडियमवर पडलेलं मांजर हाउसकीपिंगवाले काळ्या पिशवीत घालून नेतात, कुठल्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद होते? बारावीच्या निकालाला जे पेढे घेऊन घरी आले तेवढेच मोजायचे आणि म्हणायचं सगळी बॅच पास, त्यातला प्रकार. पुढे २००४ मध्ये क्रोएशियातल्या झाग्रेबचा अभ्यास छापून आला, ११९ मांजरांचा, त्यात सातव्या किंवा त्याच्या वरच्या मजल्यावरून पडलेल्यांना उलट जास्त गंभीर इजा, आणि छातीच्या इजा जास्त. हा फॉरवर्ड कोणी करत नाही.

३२व्या मजल्यावालं मांजर खरं आहे, काँक्रीटवर पडून वाचलं. पण दाताबरोबर त्याच्याही फुफ्फुसाबाहेर हवा साठली होती आणि ४८ तास ठेवून घेतलं होतं. एका मांजराचं नशीब बघून आपल्या मांजराची खिडकी उघडी ठेवायची का?

उंची कळते म्हणे. कळत असेल, पण कबुतर दिसलं की कळलेलं सगळं विसरायला होतं, आणि आपल्या टॉवरमध्ये कबुतरांची कमी आहे का! शिवाय झाग्रेबच्या मांजरांमध्ये जवळजवळ ६० टक्के एक वर्षाच्या आतली होती, म्हणजे नुसता धुडगूस घालायचं वय. त्यात आपल्या खिडक्यांचे ॲल्युमिनियमचे ट्रॅक गुळगुळीत, नखं रुतायला जागाच नाही.

"ग्रिल आहे ना" असं पण एकाने खाली लिहिलंय. ज्या फटीतून मांजराचं डोकं जातं त्यातून बहुतेक वेळा अख्खं मांजर जातं, घरी बघा एकदा. मच्छरजाळीचा भरवसा तर अजिबात नको, चिंगीने दाखवलंय.

एलेव्हेशनचं काय ते कमिटी बघेल, पण कबुतरांची नायलॉनची जाळी आधीच अर्ध्या बिल्डिंगला आहे आणि खालून दिसत पण नाही. ती खेचून घट्ट बांधून घ्यायची, उन्हाने कुजते म्हणून मधूनमधून बोट घालून बघायची, आणि ड्राय बाल्कनी सोडायची नाही, तिथेच सगळे विसरतात, मी पण विसरले होते.

आणि पडलंच कधी तर दूध पाजत बसू नका, क्रोसिन तर चुकूनही नको, पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं आहे. छाती न दाबता टॉवेलसकट खोक्यात सरकवा आणि चालत असलं तरी न्या.

काका, तुमच्या १४व्या मजल्यावर नातीने आणलेलं पिल्लू परवा लिफ्टमध्ये बघितलं, गोड आहे. आमच्या जाळीवाल्याचा नंबर पर्सनलवर टाकते, रविवारी पण येतो तो.