उपाशी ठेवून पोपट बोलत नसतो

‘दुसऱ्याचा पाळलेला पोपट 11 दिवसांत बोलका करा’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. अमळनेरला आमच्या आतेपर्यंत तो दोन-तीन ग्रुपांवरून पोचला. तिच्याकडे नुकताच एक आफ्रिकन ग्रे, म्हणजे करड्या रंगाचा परदेशी पोपट, आलाय. आधीच्या घरच्यांची बदली झाली, त्यांनी पिंजऱ्यासकट देऊन टाकला. मेसेज वाचून आतेचा फोन: ‘तो काहीच बोलस नही. त्यानं जेवन बंद करू का?’

मेसेजात म्हटलंय ते असं. नव्या घरी आलेल्या पोपटाला दोन दिवस उपाशी ठेवा, म्हणजे मालक कोण ते त्याला कळतं. रोज हिरवी मिरची द्या आणि अंगठीने जीभ घासा, जीभ मोकळी होते. पिंजरा स्वयंपाकघरात टांगा. दोन तास उन्हात ठेवा. पंख कापा. आणि मोठ्या पोपटाला नव्या माणसाचा लळा लागतच नाही, त्यापेक्षा देशी पोपटाचं पिल्लू आणा; पिल्लापासून वाढवलं तर गुन्हा होत नाही.

उपाशी ठेवण्याचंच आधी घेतो, कारण आते ते खरंच करायला निघाली होती. घर बदललेला पोपट आधीच बिचकलेला असतो. माणसं नवी, आवाज नवे, पिंजऱ्याची जागा नवी. पहिले काही दिवस तो आपणहूनच कमी खातो. चारशे-पाचशे ग्रॅमचा जीव, त्याच्या अंगात साठा असा कितीसा असणार? त्यातून आजार लपवणं हा पक्ष्यांचा स्वभावच. रानात जो मलूल दिसला तो आधी मारला जातो, म्हणून पोपट शेवटपर्यंत दांडीवर ताठ बसून राहतो. अंग फुगवून तळाशी बसलेला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. वाटीवरही विसंबू नका. तो बी सोलून गर खातो आणि टरफलं वाटीतच टाकतो, त्यामुळे रिकामी वाटी भरलेली दिसते. फुंकर मारून बघा. त्याहून चांगलं म्हणजे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी वजन करा. वजन दहा टक्क्यांनी उतरलं किंवा विष्ठा कमी झाली, तर ‘उद्या बघू’ नको, सरळ पक्ष्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. असल्या पक्ष्याला मुद्दाम उपाशी ठेवा म्हणणाऱ्याने स्वतः तरी कधी पोपट पाळलाय का, कोण जाणे.

यात एक गोष्ट खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. पोट तुडुंब भरलेलं असताना पोपट शिकायला येत नाही. म्हणून शिकवणी सकाळच्या वाटीआधी घ्यावी. पण म्हणजे वाटी थोडी उशिरा द्यायची. दोन दिवस बंद करायची नाही! वाटीतलं तो सगळ्यात आधी काय उचलतो ते बघा. समजा, अक्रोडाचा तुकडा. तो वाटीतून काढून घ्या आणि फक्त शिकवताना द्या. पिंजऱ्याच्या बाहेरून एक काडी पुढे धरायची, त्याने चोचीने शिवली की लगेच तुकडा द्यायचा. काडीमागे तो यायला लागला की मग हात. पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात हात घातलात तर चावणारच, आणि चावल्यावर हात दूर जातो एवढं मात्र तो एका फटक्यात शिकेल.

‘मालक कोण ते कळतं’ म्हणणाऱ्यांनी ॲलेक्सची गोष्ट वाचावी. आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी 1977 साली शिकागोतल्या एका दुकानातून साधारण वर्षभराचा आफ्रिकन ग्रे आणला. 2007 मध्ये तो गेला, तोवर शंभरावर शब्द वापरत होता. रंग, आकार ओळखत होता, सहापर्यंत वस्तू मोजत होता. त्याला उपाशी ठेवून शिकवलं नव्हतं. त्याच्यासमोर दोन माणसं एकमेकांना वस्तूचं नाव विचारत, आणि बरोबर सांगणाऱ्याला तीच वस्तू मिळे. बूच म्हटलं की बूच. पोपट ते बघून स्वतः मधे पडायला लागतो. आतेच्या घरात तर बोलायला माणसं भरपूर आहेत. त्यांनी पोपटावर ओरडण्याऐवजी त्याच्यासमोर एकमेकांशी बोलावं, इतकंच.

मिरचीचं तर हसूच येतं. नंदुरबारच्या मिरचीबाजारात ठसक्याने माणसाला उभं राहवत नाही, पण पोपटाला मिरची तिखट लागतच नाही. ज्या ग्राहीमुळे, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूमुळे, आपल्याला तिखटाची आग जाणवते, पक्ष्यांमधल्या त्याच ग्राहीवर मिरचीचा परिणाम होत नाही. मिरची खाऊ दे हवं तर, जीवनसत्त्वं मिळतील. बोलण्याशी तिचा संबंध नाही. आवाज निघतो तो छातीत, श्वासनलिकेला फाटे फुटतात तिथून. बरं, जिभेचं काहीच काम नाही असंही नाही, आवाजाला वळण द्यायला पोपट जीभ वापरतो. मग तीच जीभ धातूने घासून जखमी करायची?

स्वयंपाकघरात पिंजरा अजिबात नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो, आणि आपल्याला वासही जाणवत नाही. भरताच्या वांग्याचा आणि फोडणीचा धूर आहेच. शेवेचे तुकडे, चहात बुडवलेली पोळी हेही बंद. उन्हाबद्दल अर्धं बरोबर: ग्रे पोपटांना कॅल्शियम कमी पडण्याचा त्रास होतो आणि कोवळ्या उन्हाने मदत होते. पण कोवळ्या! मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या घरात असतो आणि पक्ष्याला घाम येत नाही. पंख कापायचीही गरज नाही, पिंजऱ्याबाहेर सोडताना पंख्याचं बटण बंद करा आणि खिडकी लावा.

मोठ्या पोपटाला लळा लागत नाही, हे खोटं. ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो, आयुष्यात एखादं घर बदलणारच. वेळ लागतो, एवढंच.

देशी पोपटाचं तेवढं नीट ऐका, कारण यात खटला होऊ शकतो. आपल्याकडचा कंठवाला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे, 2022 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिल्लापासून वाढवला, कुणी भेट दिला, ढोलीतून पडलेला सापडला, कशानेही तो पाळीव ठरत नाही. सापडला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आफ्रिकन ग्रे परदेशी आहे, तो ठेवता येतो, पण 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते आणि पक्षी एका घरातून दुसऱ्या घरी गेला तर तेही कळवावं लागतं. आतेला मी सांगितलंय: त्याच्या बोलण्याचं राहू दे, आधी त्या लोकांना फोन कर आणि नोंदणीचा कागद मागून घे.