संत हटवण्याचा शास्त्रोक्त विधी

भोळ्याभाबड्या जनतेची श्रद्धा शुद्ध करून देण्याचा संकल्प आपण सोडला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. हे कार्य सोळाव्या शतकातील युरोपात थोर थोर ख्रिस्ती धर्मसुधारकांनी संतपूजा मोडण्यासाठी करून पाहिलेले आहे आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकल्यास आपल्यालाही तितकेच यश लाभेल, याविषयी निश्चिंत असावे.

आरंभ हिशेबाने करावा. जर्मनीतील सॅक्सनीचा राज्यकर्ता फ्रेडरिक याने विटेनबर्गच्या किल्ल्यातील चर्चमध्ये १५२० पर्यंत १९,००० हून अधिक पवित्र अवशेष, म्हणजे संतांची हाडे आणि वस्तू, जमवले होते. ठरलेल्या दिवशी त्या सर्वांचे दर्शन घेऊन दान करणाऱ्या भाविकाची शुद्धिस्थानातील, म्हणजे मृत्यूनंतर स्वर्गापूर्वी पापे फेडण्याच्या जागेतील, शिक्षा सुमारे १९ लाख वर्षांनी कमी होई. असा आकडा सभेत वाचून दाखवला की हशा हमखास मिळतो. मात्र अशी शिक्षा माफ करणाऱ्या पापक्षमेच्या पत्रांविरुद्ध १५१७ मध्ये उभ्या राहिलेल्या सुधारक मार्टिन ल्यूथरला पुढे आश्रय दिला तो याच फ्रेडरिकने, हा तपशील अडचणीचा असल्यामुळे भाषणातून गाळावा. जिनिव्हाचा सुधारक जॉन कॅल्विन याने तर १५४३ मध्ये अवशेषांवर एक पुस्तिकाच लिहिली. येशूच्या क्रुसाचे म्हणून पुजले जाणारे सगळे तुकडे गोळा केले तर मोठे जहाज भरेल, असे त्यात म्हटले आहे. शिवाय खुद्द जिनिव्हात संत पीटरचा मेंदू म्हणून जपलेली वस्तू प्युमिसचा (ज्वालामुखीचा सच्छिद्र) दगड निघाल्याचेही त्याने नोंदवले आहे. अशा पुस्तिकेने ज्यांना आधीच पटलेले असते त्यांची उत्तम करमणूक होते. ज्याची दाढ ठणकत असते, तो ती सहसा वाचत नाही.

दाढेचा उल्लेख सहज झाला, पण सगळी गोम तिथेच आहे. त्या काळी संतांची खातेवाटप चोख असे: दाढदुखी संत अपोलोनियाकडे, घसा संत ब्लेझकडे, वीज संत बार्बराकडे, प्लेग संत रॉककडे. आपण ही सर्व खाती एका फटक्यात बंद करावीत आणि दाढेची पर्यायी व्यवस्था चुकूनही करू नये. रिकाम्या झालेल्या जागी प्रश्नोत्तरी, म्हणजे धर्मशिकवणीचे सवाल-जवाबांचे पुस्तक, ठेवावी. सॅक्सनीतील खेडी पाहून आल्यावर ल्यूथरला आढळले की लोकांना धर्मसिद्धांतातले काहीच ठाऊक नाही आणि पुष्कळ पाळकांना ते शिकवताही येत नाहीत. म्हणून १५२९ मध्ये त्याने लहान प्रश्नोत्तरी प्रसिद्ध केली. जे शिकायला नकार देतील त्यांचे अन्नपाणी आईबापांनी वा मालकांनी तोडावे, असा उपायही तिच्या प्रस्तावनेत सांगितलेला आहे. श्रद्धेचा उदय केवळ देवाच्या कृपेने होतो, असे शिकवणाऱ्याने उपाशी पोटाची मदत घ्यावी यात आपल्याला विसंगती दिसत असेल, तर आपण अद्याप सुधारक होण्यास पुरेसे परिपक्व नाही.

मुलांची नावेही आपणच ठरवावीत. १५४६ मध्ये जिनिव्हात एका न्हाव्याला मुलाचे नाव क्लॉड ठेवायचे होते. क्लॉड हा त्या भागातला लाडका संत. पाळकाने बापाला न विचारता मुलाचा बाप्तिस्मा अब्राहम या नावाने उरकला आणि भर चर्चमध्ये गोंधळ उडाला. आपण अशा गोंधळाने विचलित न होता निषिद्ध नावांची यादी काढावी. जिनिव्हाने त्याच वर्षी काढली.

भिंतींसाठी चुना उत्तम. इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड येथे, कवी विल्यम शेक्सपिअरच्या वडिलांनी नगराचा हिशेब सांभाळला त्या काळात, गिल्ड चॅपेलमधील चित्रे विद्रूप करण्यासाठी दोन शिलिंग खर्ची पडल्याची नोंद आहे. १८०४ मध्ये चुन्याचे थर काढले तेव्हा त्यांखाली चित्रे सापडली. धूर, ओल आणि नव्या पिढीच्या कलाभिरुचीपासून जुन्या चित्रांचे रक्षण करायचे असेल, तर सुधारकाच्या चुन्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

रोमशी, म्हणजे पोपशी, एकनिष्ठ राहूनच सुधारणा करायची असेल, तर काही फोडण्याचे कारण नाही. मंजुरीची अट घालावी. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये ठरवले की बिशपच्या संमतीवाचून नवा अवशेष वा नवा चमत्कार मान्य होणार नाही. पुढे १६१४ मध्ये गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देहाचा उजवा हात कापून रोमला रवाना झाला, तो अर्थातच वरून आलेल्या रीतसर आज्ञेने.

परंतु खरा रोकडा पुरावा हवा असेल, तर स्वित्झर्लंडमधील बाझल शहराचा प्रयोग करावा. १५२९ मध्ये तिथे जमावाने मूर्ती फोडल्या, जाळल्या आणि एकाही संताने बोट उचलले नाही. एरवी लहानसहान अपराधालाही चमत्कार दाखवणारे हे संत या वेळी गप्प कसे, असे नवल तिथे राहणाऱ्या विद्वान इरॅस्मसने एका पत्रात खवचटपणे व्यक्त केले आणि मुक्काम हलवून तो फ्रायबुर्गला गेला. कसोटी सोपी असल्याने लोकांना चटकन समजली: जे आगीत जळते ते खोटे.

लोकांनी ती नीट लक्षात ठेवली. १६८९ मध्ये आइसलेबेन गावात ल्यूथरचे जन्मघर आगीत भस्म झाले आणि त्यातली लाकडावर रंगवलेली त्याची तसबीर मात्र शाबूत निघाली. तेव्हापासून ती 'न जळलेला ल्यूथर' म्हणून ख्यात आहे. वार्टबर्गच्या किल्ल्यात त्याने सैतानावर दौत फेकली असे सांगत, तिथला शाईचा डाग भाविक खरवडून नेत आणि डाग पुन्हा पुन्हा रंगवावा लागे. त्याच्या पलंगाच्या ढलप्या दाढदुखीवर गुणकारी मानल्या गेल्या, म्हणजे अपोलोनियाचे खातेही अखेर त्याच्याकडेच आले. तेव्हा कार्यास निघण्यापूर्वी आपलाही पलंग चांगल्या जाड लाकडाचा करून घ्यावा.