पितळ लावलं म्हणे

सांगलीहून अशोकदादा रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतो आणि मी इथे लॉस एंजेलिसला ते न उघडता पुढे जाते. गेल्या आठवड्यात फुलाऐवजी लांबलचक व्हॉइस मेसेज आला. पुण्यातल्या कुणा तरुण संगीतकारानं 'मानापमान'मधली चार नाट्यपदं पियानो आणि दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं घेऊन नव्यानं बांधली, प्रयोग केला, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. दादाचं म्हणणं: "टेंब्यांच्या चालींना या पोरानं पितळ लावलं. मूळ चालीला हात लावायचा अधिकार याला दिला कुणी?" मी लिहिलं, मला तर ऐकायला बरं वाटलं. त्यावर एकच ओळ आली. "तू तिकडं बसून काय सांगतेस, तुला काय फरक पडतोय."

पितळ मी सोडून दिलं असतं. ही ओळ सुटत नाही.

तर आधी मूळ चालींचं बघू. 'मानापमान' १९११च्या मार्चमध्ये रंगभूमीवर आलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि त्यातल्या कितीतरी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या ढंगातून उचललेल्या. पुढे मास्टर दीनानाथांनी त्यातली काही पदं स्वतःच्या गायकीच्या वळणावर नेली आणि लोकांच्या कानात तीच बसली. दादा अंघोळीहून येताना 'रवि मी' म्हणतो तो त्याच वळणानं. बालगंधर्व एकेका पदाला वन्समोअर घेत रात्र पहाटेपर्यंत नेत, आणि दर खेपेला पद थोडं वेगळं होऊन येई. ते चाललं, कारण ते गंधर्व होते. पुण्यातला पोरगा कोण?

त्याच १९११ साली, जून महिन्यात, पॅरिसमध्ये रशियन संगीतकार ईगोर स्त्राविन्स्कीचा 'पेत्रुश्का' हा बॅले, म्हणजे नृत्यनाट्य, पहिल्यांदा झाला. जत्रेतल्या कळसूत्री बाहुल्याची गोष्ट. वाद्यवृंद अवाढव्य होता: सुषिर म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं चार-चार, दोन हार्प, ट्रम्पेट आणि त्यांच्या जोडीला त्यांची धाकटी भावंडं, कॉर्नेटही. छत्तीस वर्षांनी स्त्राविन्स्कीनं स्वतःच ते सगळं उसवून पुन्हा लिहिलं. माणसं कमी केली, कॉर्नेट काढून टाकले, एक हार्प घालवला आणि पियानोला जास्त काम दिलं. डाऊनटाऊनला डिस्ने हॉलमध्ये 'पेत्रुश्का' असतो तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत नावापुढे कंसात साल असतं, १९११ किंवा १९४७. कोणती आवृत्ती ऐकताय ते कळावं म्हणून, बस्स. पियर मोंतो या कंडक्टरनं १९११चा पहिला प्रयोग चालवला होता आणि म्हातारपणी ध्वनिमुद्रण केलं तेही १९११चंच. कंडक्टर पियर बूलेझही जुन्याच आवृत्तीचा. बाकी पुष्कळांना १९४७ची परवडते. दोन्ही नांदतात, कुणी कुणाला संस्कृतीचा मारेकरी म्हणत नाही. (खरं सांगायचं तर अर्धा हॉल ते साल वाचतही नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ पहिल्या दहा मिनिटांत झोपतात आणि टाळ्यांना जागे होतात. पण ते दादाला कशाला सांगा.)

स्त्राविन्स्कीनं हे सगळं का केलं, यामागे थोर कलाविचार शोधायला जाऊ नये. मुख्य कारण पैसा. अमेरिका तेव्हा बर्न कराराच्या, म्हणजे परदेशी लेखक-संगीतकारांचे हक्क जपणाऱ्या कराराच्या, बाहेर होती, ती थेट १९८९ साली आत आली. त्यामुळे त्याच्या रशियन काळातल्या रचना इथे कुणीही वाजवाव्या, कुणीही छापाव्या, त्याला दमडी मिळत नव्हती. डिसेंबर १९४५मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला, त्याच सुमारास लंडनच्या बूझी अँड हॉक्स या संगीत-प्रकाशकांनी त्याला हाताशी घेतलं, आणि एकेक जुनी रचना नव्या सालानं बाहेर पडू लागली. नवी आवृत्ती म्हणजे नवा हक्क. १९४७ला 'पेत्रुश्का' आणि 'सिम्फनीज ऑफ विंड इन्स्ट्रुमेंट्स', १९५०ला पियानो आणि सुषिर वाद्यांचा कॉन्चेर्तो, १९५२ला ऑक्टेट, आठ वाद्यांची रचना. वेस्ट हॉलिवूडमध्ये सनसेटच्या वर वेदरली ड्राइव्हवर घर होतं, तिथे बसून हा माणूस पॅरिसमधलं तारुण्य दुरुस्त करत होता. त्या वळणावर ट्रॅफिक तुंबला की मी वर बघते. झाडांशिवाय काही दिसत नाही.

पण पैशासाठी हात घातला म्हणून हात हलका पडला, असं नाही. 'सिम्फनीज'चंच बघा. फ्रेंच संगीतकार दब्युसी १९१८ला गेला. त्याच्या स्मरणार्थ १९२० साली एका फ्रेंच मासिकाचा विशेषांक निघाला, त्यात स्त्राविन्स्कीनं दिलेला 'सिम्फनीज'चा शेवटचा कोराल, म्हणजे स्तोत्रासारखा संथ भाग, छापला गेला तो पियानोसाठी. संपूर्ण रचना फक्त लाकडी आणि पितळी सुषिर वाद्यांची, एकही तंतुवाद्य नाही. लंडनला १९२१ला ती पहिल्यांदा वाजली तेव्हा आधीच्या रचनेतले व्हायोलिनवाले उठून गेले, आणि हे वाजवणारे रिकाम्या खुर्च्यांच्या मागे, कंडक्टरपासून लांब, होते तिथेच बसून राहिले. लोक हसले. १९४५ला त्यानं तोच कोराल क्लॅरिनेटं वगळून पुन्हा मांडला. मग १९४७ला सबंध रचना: आल्टो फ्लूट गेला, आल्टो क्लॅरिनेट गेलं, स्वरांचं वजन इकडचं तिकडे झालं. एका शोकगीताची चार रूपं. शेवटी ते ट्रम्पेट-ट्रॉम्बोन सावकाश, कुठलीही विनवणी न करता, एकेक स्वरपुंज ठेवत जातात तेव्हा मला सांगलीत, कृष्णाकाठी, आमच्या अण्णांच्या दहाव्याला ऐकू येणारी शांतता आठवते. पितळ म्हणजे लग्नाची वरात, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे कसं पटवायचं?

पियानोच्या कॉन्चेर्तोची गोष्ट तर दादालाही आवडेल. १९२४ला पॅरिस ऑपेरात स्वतः स्त्राविन्स्की पियानोवर, पहिला भाग झाला, आणि दुसऱ्याची सुरुवातच डोक्यातून गेली. कंडक्टर कुसेवित्स्कीनं हळूच गुणगुणून दाखवली तेव्हा हात चालले. आपल्याकडे असं झालं असतं तर आख्यायिका झाली असती. त्यानं मात्र पाच वर्षं तो कॉन्चेर्तो दुसऱ्या कुणाला वाजवू दिला नाही, बिदागी आपल्याच खिशात राहावी म्हणून.

हे सगळं मी ग्रुपवर बऱ्यापैकी आवरून लिहिलं. दादाचं उत्तर तयार होतं, आणि कबूल करते, वकिली होतं: "त्यानं स्वतःचं बदललं. दुसऱ्याचं नाही."

यावर मी स्त्राविन्स्कीचाच 'पुल्चिनेल्ला' हा बॅले काढला. १९२०. पेर्गोलेसी या इटालियन संगीतकाराच्या म्हणून मिळालेल्या अठराव्या शतकातल्या चाली घेऊन त्यानं त्यांना आपले ताल आणि आपले तिरके स्वर दिले. त्यात ट्रॉम्बोन आणि डबल बास यांची एक जुगलबंदी आहे, इतकी टवाळखोर की पहिल्यांदा ऐकताना मी मोठ्यानं हसले होते. त्यातल्या बऱ्याच चाली पेर्गोलेसीच्या नव्हत्याच, दुसऱ्यांच्या होत्या, हे पुढे उघड झालं. म्हणजे दुसऱ्याचं बदललं, आणि तेही तिसऱ्याचं निघालं. त्यातल्या निवडक तुकड्यांच्या सुइटची १९४९ला पुन्हा दुरुस्ती. दादानं अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ आमच्या घरात "नंतर बोलू" असा असतो.

मी पेटीबद्दलही लिहिणार होते, राहून गेलं, ते इथे लिहिते. दादा पेटी वाजवतो, चांगली वाजवतो. तीच पेटी, जी युरोपातून आली आणि जिला ऑल इंडिया रेडिओनं १९४०पासून तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं, कारण तिच्यातून मींड, म्हणजे सुरावरून सुरावर अखंड सरकणं, निघत नाही, ती आपली नाही. तेव्हाच्या शुद्धतावाल्यांचंच चाललं असतं तर आज दादाच्या मांडीशी काय असतं? योगायोग बघा, स्त्राविन्स्कीनं खेड्यातल्या लग्नावरच्या 'ले नोस' या बॅलेसाठी १९१९च्या सुमारास हार्मोनियम घेऊन पाहिली होती, सोबत आपोआप वाजणारा पियानो आणि आपल्या संतूरसारखा सिम्बालोम. जमेना. १९२३ला चार पियानो आणि तालवाद्यं घेऊन मोकळा झाला. आणि पितळाचं म्हणाल, तर सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त १९५१ला गोव्याच्या चिक चॉकलेट नावाच्या वादकाचा ट्रम्पेट आहे. घरातल्या प्रत्येक लग्नात दादा त्यावर नाचलेला आहे. रुमाल तोंडात धरून.

इथपर्यंत मी जिंकत होते असं मला वाटतं.

आता जे ग्रुपवर लिहिलं नाही ते. मागच्या गणपतीत आमच्या इथल्या मराठी मंडळात अर्व्हाइनच्या एका मुलानं ट्रम्पेटवर 'शूरा मी वंदिले' वाजवलं. शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये आहे, सूर पक्का, छाती भरलेली. त्याची आजी पहिल्या रांगेत डोळे पुसत होती, हॉलनं उभं राहून टाळ्या दिल्या. मला ते आवडलं नाही. अजूनही आवडत नाही. मी पोहे वाढण्याच्या निमित्तानं मागे गेले आणि टाळ्या संपेपर्यंत मागेच राहिले.

पुण्यातल्या पोराला मी सढळ हातानं परवानगी देते, कारण पुण्यात त्याचा प्रयोग नको असेल तर पुढच्या चौकात दुसरा कुणी जुन्या वळणानं गात असतो. इथे तसं नाही. टॉरन्सहून ४०५ हायवे पकडते तेव्हा गाडीत जे लावते तेवढंच माझं सांगली आहे, आणि त्यात कुणी एक स्वर हलवला की जमीन सरकल्यासारखं होतं. ज्या शुद्धतेवरून मी दादाला झोडपते तिची गरज दादापेक्षा मला जास्त आहे. तो हरभट रोडवरून चालत जाताना रोज बदललेलं गाव बघतो आणि वैतागतो. मी बघतच नाही, त्यामुळे माझं बदलत नाही. नागरिकत्वाची शपथ घेऊन निळा अमेरिकन पासपोर्ट आला त्या दुपारी मी कॉस्टकोतून तांदूळ आणले आणि अण्णांच्या कॅसेटवरून उतरवलेली सगळी गाणी दोन ठिकाणी कॉपी करून ठेवली. का, ते मला तेव्हा कुणी विचारलं नाही.

स्त्राविन्स्कीची मी इतकी बाजू घेते ती त्याच्या संगीतासाठी की त्याच्या पत्त्यासाठी, याची मला खात्री नाही. १९४८ला तिखोन ख्रेन्निकोव्हनं सोव्हिएत संगीतकारांच्या व्यासपीठावरून त्याला झोडपलं होतं. त्याच ख्रेन्निकोव्हनं १९६१ला लॉस एंजेलिसला येऊन त्याला बोलावणं केलं. १९६२च्या शरदात, ऐंशीव्या वर्षी, जवळजवळ अर्धं शतक लोटल्यावर तो रशियात गेला. मॉस्को, लेनिनग्राड. रशियन मातीचा वास वेगळाच असतो, तो विसरता येत नाही, असं काहीसं तिथल्या वर्तमानपत्राला म्हणाला, आणि मग पुन्हा पश्चिमेत परतला. दोन्ही खरं असावं. आयुष्यभर स्वतःच्या जुन्या कामात कात्री चालवणारा माणूस मातीच्या वासाची नवी आवृत्ती काढायला गेला नाही, हे मला पुरतं.

डिसेंबरात मी सांगलीला असेन. त्या पोराचा प्रयोग तेव्हा पुण्यात असला तर दोन तिकिटं काढणार आहे. दादा येईल. शिव्या घालायला येईल, पण फुकटचं तिकीट आमच्या घरात कुणी वाया घालवलेलं नाही. आणि कार्यक्रमपत्रिकेत टेंबे, दीनानाथ आणि त्या पोराचं स्वतःचं नाव, प्रत्येकाच्या सालासकट, छापलेलं नसलं तर मध्यंतरात आयोजकांना गाठून मीच भांडेन. त्या भांडणात दादा माझ्या बाजूनं उभा राहील, याबद्दल मला शंका नाही.