कोबीचं क्रिमी सॅलड हेल्दी असूच शकत नाही? एकेक मुद्दा बघूया

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, बहुतेकांनी वाचला असेल. कोलस्लॉ, म्हणजे हेच कोबीचं क्रिमी सॅलड, घरी करा नाहीतर बाहेर खा, त्याला हेल्दी म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक, असं त्यात लिहिलंय. कारणं चार दिलीत. कच्चा कोबी थायरॉइड बिघडवतो, मेयोशिवाय (मेयोनीज, तेलाचं दाट पांढरं सॉस) ड्रेसिंग क्रिमी होत नाही, मीठ लावून पिळला की कोबीत चोथाच उरतो आणि मेयो घातलेला कोबी पोट बिघडवतो. हे वाचून लोक एक चांगला पदार्थ सोडून देतायत याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी थायरॉइड, कारण सगळ्यात जास्त भीती याचीच घातलीये. मुळात गोष्ट साफ खोटी नाहीये. कोबीत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं असतात, कोबी चिरला की त्यांच्यापासून जे पदार्थ तयार होतात त्यातले काही थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाहीत. 1928 साली कोबीवर वाढवलेल्या सशांना गलगंड झाल्याचं प्रसिद्ध झालं होतं, ही सगळी चर्चा तिथूनच सुरू झाली. पण त्या सशांचं मुख्य खाणंच कोबी होतं हो! माणसांमधली एक केस 2010 मध्ये छापून आली, 88 वर्षांच्या एक बाई कोबीच्याच कुळातला बोक चॉय कच्चा, रोज 1 ते 1.5 किलो, कित्येक महिने खात होत्या आणि त्यांचं थायरॉइड अगदी गंभीर अवस्थेला गेलं. आता तुमच्या बाऊलमध्ये कोबी असतो साधारण 100 ते 125 ग्रॅम, तोही आठवड्यातून एक-दोनदा. जेवणातून आयोडीन पुरेसं मिळत असेल तर एवढ्याने काही होत नाही. थायरॉइडचा त्रास आधीपासून असेल तर किती खायचा ते डॉक्टरांना विचारा, पण मेसेज वाचून परस्पर बंद करू नका.

दुसरा मुद्दा मेयोचा, आणि खरी गंमत इथेच आहे. 100 ग्रॅम कच्च्या कोबीत सुमारे 25 कॅलरी, 100 ग्रॅम मेयोत जवळपास 700. म्हणजे सॅलड जड होतं ते ड्रेसिंगमुळे, आणि घरी करताना ड्रेसिंग पूर्ण आपल्या हातात असतं. अर्धा किलो कोबी आणि एक गाजर बारीक चिरून घ्या, दही कापडात दोन-तीन तास बांधून पाणी निथळू द्या, मग त्यातलं 150 ग्रॅम घट्ट दही, एक मोठा चमचा तेल, एक छोटा चमचा मोहरीची पेस्ट, मोठा चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, मिरपूड आणि चिमूटभर साखर नीट फेटा. मोहरीच्या पेस्टमुळे तेल आणि पाणी एकत्र धरून राहतं, ड्रेसिंग फुटत नाही. चौघांत वाटलं तर माणशी साधारण 100 कॅलरी पडतात. तेच अर्धा कप मेयो आणि दोन मोठे चमचे साखर घालून केलं तर 250 च्या आसपास जातं. मेयोची चव हवीच असेल तर तेलाऐवजी एक चमचा मेयो घाला, त्यात काही पाप नाही.

आणि हो, काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन ड्रेसिंगमध्ये फॅट अजिबात नको म्हणतात, तेही चूकच. गाजरातलं बीटा कॅरोटीन आणि कोबीतलं व्हिटॅमिन के शरीरात शोषलं जायला थोडं फॅट लागतंच.

आता मीठ लावून पिळणं. कोबीत 92 टक्के पाणी असतं, मीठ लागलं की ते बाहेर यायला लागतं. हे पाणी आधी काढलं नाही तर नंतर ड्रेसिंगमध्ये उतरतं, तासाभरात बाऊलच्या तळाशी पांढरं पाणी साचतं, आणि मग लोक म्हणतात दह्याचं कोलस्लॉ जमत नाही! दोष दह्याचा नसतोच. अर्धा किलोला एक छोटा चमचा मीठ चोळा, अर्धा-पाऊण तास चाळणीत ठेवा, भरपूर पाण्याने धुवा आणि मूठ आवळून पिळा. यात व्हिटॅमिन सी थोडं जातं, हे खरंय. पण फायबर कुठे जात नाही, व्हिटॅमिन के पाण्यात विरघळत नाही म्हणून तेही राहतं, आणि कोबी उकळून ते पाणी फेकून दिलं तरी सी जातंच की, त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. सी अजिबात घालवायचं नसेल तर मीठ लावूच नका, अगदी जेवायला बसताना ड्रेसिंग मिसळा. मी पाहुणे असतील तर पिळून करतो, घरच्यापुरतं असेल तर तसंच.

राहिला पोट बिघडण्याचा मुद्दा. तयार मेयो आंबट असतो, त्यात जंतू सहज वाढत नाहीत. कोलस्लॉमुळे पसरलेली सगळ्यात गाजलेली साथ 1981 ची, कॅनडातली, लिस्टेरिया नावाच्या जंतूची, आणि तिथे दोष निघाला तो कोबीचा, कारण शेतात मेंढ्यांचं कच्चं खत घातलं होतं. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो. म्हणून बाहेरची पानं काढून टाका, बाकीची सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवा, सॅलड दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका आणि फ्रिजमधलं दोन-तीन दिवसांत संपवा. गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी विकतचं तयार कोलस्लॉ टाळलेलंच बरं.

एका गोष्टीबद्दल मात्र मेसेजने सांगायला हवं होतं आणि तीच राहिली. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी कोबी एकदम वाढवायचा नाही की एकदम सोडायचाही नाही, कारण व्हिटॅमिन के कमीजास्त झालं की गोळीचा परिणाम बदलतो. प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा आणि बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.