चित्राची पाठ

गेल्या महिन्यात जयदेव कवीच्या 'गीतगोविंद' या राधा-कृष्णावरील संस्कृत काव्यातल्या एका पहाडी (हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतल्या) शैलीतील चित्राचे छायाचित्र मी लंडनहून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. राधेच्या पायाशी बसलेला कृष्ण पाहून पुण्याच्या काकांनी लिहिले, 'देवाला असे दाखवणे शोभत नाही.' मावसभाऊ म्हणाला, 'यात देव कुठला, हा तर राजांचा शौक!'

काकांना पडलेला पेच खुद्द जयदेवालाही पडला होता. 'देहि पदपल्लवमुदारम्' (तुझे कोमल पाऊल माझ्या माथ्यावर ठेव) ही राधेकडची याचना कृष्णाच्या तोंडी घालण्याचा त्याला धीर होईना, म्हणून तो स्नानाला गेला; तेवढ्यात कृष्णानेच त्याच्या रूपात येऊन ओळ पुरी केली आणि जयदेवाची पत्नी पद्मावती हिने वाढलेले जेवूनही गेला, अशी आख्यायिका आहे. पुढे पुरीच्या जगन्नाथापुढे गीतगोविंद गावे, असे १४९९ च्या शिलालेखाने ठरवून दिले. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आणि एकनाथांच्या गौळणी आपण देवळात तल्लीन होऊन ऐकतो आणि तोच भाव कागदावर दिसला की संकोचतो, हे मला अजून उलगडलेले नाही.

मावसभावाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. बसोहली या पहाडी संस्थानात देवीदास या चित्रकाराने १६९४-९५ मध्ये रंगवलेल्या, भानुदत्ताच्या 'रसमंजरी' या संस्कृत ग्रंथावरील चित्रमालिकेत नायक साधा दरबारी पुरुष आहे. पण त्याच दरबारातल्या, त्याच ग्रंथावरील आधीच्या चित्रमालिकेत नायक कृष्ण आहे. भानुदत्ताचे मूळ श्लोक नायक-नायिकांचे प्रकार सांगणारे, म्हणजे शास्त्राचे. त्यांत कृष्णाला आणून बसवले ते चित्रकाराने. दागिन्यांतल्या पाचूंच्या जागी त्याने भुंगेऱ्याच्या पंखांचे हिरवे तुकडे चिकटवले आहेत आणि मान जराशी कलती केली की ते अजून चमकतात.

इकडे मात्र उलटाच घोळ. एका संग्रहालयातल्या पाटीवर त्या पंखांची, कागदाची, रंगांची सविस्तर माहिती होती आणि विषय काय, तर 'बागेतील प्रेमी युगुल'. संस्कृत श्लोक पानाच्या पाठीवर असतो आणि पाठ भिंतीकडे. आपल्याकडे शृंगार पुसायचा, इथे भक्ती. चित्र अर्धेच उरते ते दोन्हीकडे.

शेवटी आगाऊ वेळ घेऊन मी ते पान संग्रहालयाच्या अभ्यासिकेत मागवले. हातमोजे घातलेल्या बाईंनी ते जपून उलटले, मी श्लोक अडखळत मोठ्याने वाचला आणि ध्वनिमुद्रण गटावर पाठवले. काकांनी माझ्या उच्चारातल्या तीन चुका काढल्या. चित्राबद्दल या वेळी ते काहीच बोलले नाहीत.