पिवळ्या कुर्त्याचा फोटो

मागच्या नाताळात माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने नवा पिवळा कुर्ता घातला होता. ऐरोलीतल्या आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना आटोपल्यावर सभागृहाच्या पायऱ्यांवर तिच्या मावशीने तिचा एक फोटो काढला आणि तिने तो मोठ्या हौसेने इन्स्टाग्रामवर टाकला. दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा तिचे लक्ष ताटात नव्हते. मांडीवर ठेवलेला फोन ती डाव्या हाताने पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. संध्याकाळपर्यंत तो फोटो तिने काढून टाकला होता. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, अकराच लाइक आले. वर्गातल्या मुलींना शंभरच्या वर येतात. मी त्यात चांगली दिसतच नाहीये." त्याच दिवशी सकाळी तोच कुर्ता घालून ती आरशासमोर गिरक्या घेत होती. सकाळ आणि संध्याकाळ यांच्यामध्ये तिच्यात काहीही बदलले नव्हते, फक्त एक आकडा आला होता.

मी तिला रागावणार होते, पण रागावायला माझ्याकडे तोंड नव्हते. मी गेली चार वर्षे भक्तिगीते गाऊन त्यांचे व्हिडिओ टाकते आणि प्रत्येक व्हिडिओखाली "प्रभूच्या गौरवासाठी" असे लिहिते. तरीही सकाळी ऐरोलीहून ठाण्याची गाडी पकडल्यावर पुढचेच दिघा स्थानक येईपर्यंत मी ते गाणे किती जणांनी ऐकले हे तीनदा पाहिलेले असे. आकडा चांगला असला की ऑफिसात दिवस हलका जाई, आणि कमी असला की आपला आवाज गेला, आपले वय झाले, लोकांना आपला कंटाळा आला, असे काहीबाही मनात येऊन मी घरी आल्यावर मुलांवर चिडचिड करीत असे. मुलीने हे सगळे पाहिले होते. शिकायला तिला बाहेर जावे लागले नाही.

आमच्या लहानपणीही हे नव्हते असे नाही. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती होत्या, नट्यांसारखी केशरचना होती, वर्गातल्या मुलींची कुजबुज होती. पण ती कुजबुज शाळा सुटल्यावर थांबत असे. फेसबुकवर लाइकचे बटण २००९ साली आले आणि तेव्हापासून माणसाच्या आवडनिवडीला घरबसल्या मोजता येणारा आकडा मिळाला, जो रात्री दोन वाजताही उशाशी असतो. २०२१ साली इन्स्टाग्रामने हे आकडे लपवण्याची सोय दिली, तीही मी वापरून पाहिली. परंतु इतरांपासून लपवलेला आकडा आपल्याला स्वतःला पाहता येतोच, आणि दुखणे तर तिथेच असते.

या काळात मला ज्या वचनाने धरून ठेवले ते बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे. येशू यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतो, पाण्यातून वर येतो आणि आकाशातून देवाची वाणी होते की हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, ह्याच्याविषयी मी संतुष्ट आहे. हे वचन मी लहानपणी चर्चच्या शब्बाथ शाळेत जात होते तेव्हापासून ऐकत आले आहे, पण ते कोणत्या क्षणी उच्चारले गेले याकडे माझे लक्ष गेले नव्हते. तोपर्यंत येशूने एकही आंधळा डोळस केलेला नव्हता, एकही उपदेश दिलेला नव्हता, त्याच्यामागे एकही शिष्य नव्हता. नासरेथच्या सुताराच्या घरातून आलेला, सुमारे तीस वर्षांचा, लोकांना अपरिचित असा तो होता. पित्याची पसंती कामाचे बक्षीस म्हणून आली नाही. ती आधी आली आणि काम नंतर झाले.

पुढच्याच अध्यायात सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर खाली उडी टाक. "असशील तर" या दोन शब्दांवर मी बराच काळ अडले. जे नुकतेच सांगितले गेले आहे ते सर्वांसमोर सिद्ध करून दाखव, असे ते आव्हान आहे. येशू उडी टाकत नाही. त्याला आणखी एका पुराव्याची गरज नव्हती, कारण यार्देनेकाठचा शब्द त्याला पुरेसा होता. म्हणूनच झावळ्यांच्या रविवारी, यरुशलेमेत शिरताना, लोकांनी केलेल्या 'होसान्ना' या जयघोषाने तो फुगून गेला नाही, आणि त्याच आठवड्यात "वधस्तंभावर खिळा" असे लोक ओरडले तेव्हा आपण कोण आहोत हे तो विसरला नाही.

आपल्या मराठी मातीत याचे उदाहरण म्हणून मला पंडिता रमाबाई आठवतात. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा त्यांच्यावर स्तुतीचा वर्षाव झाला. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८९३ साली त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराचा वाद पेटला, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि जवळचे सहकारी दूर झाले. ज्या बाईची किंमत लोकांच्या तोंडून ठरत असती ती तिथेच संपली असती. रमाबाई दुष्काळातल्या बायकामुलींना घेऊन पुणे जिल्ह्यातल्या केडगावला उभ्या राहिल्या आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघाले, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. त्या कामाला मिळालेली दाद त्यांनी ऐकलीच नाही.

माझी आजी नगर जिल्ह्यात बायबल बाई, म्हणजे बायकांना बायबल सांगणारी सेविका, होती. ती पायी गावोगाव फिरून बायकांना वाचायला शिकवीत असे, आणि तिचा आमच्याकडे एकच फोटो आहे. कोणी तिची वाखाणणी केली की ती "प्रभूला ठाऊक आहे, पुरे" एवढेच म्हणे.

हे सांगताना मंडळीच्या आतले दुखणेही सांगितले पाहिजे, नाहीतर माझे लिहिणे अर्धवट राहील. आमच्या रविवारच्या उपासनेचे थेट प्रक्षेपण होते आणि ते किती जण पाहत आहेत, याची चर्चा आमच्या गायनवृंदात उपदेशापेक्षा जास्त होऊ लागली होती. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी ते प्रक्षेपण मोठा आधार आहे आणि ते बंद करावे असे मी म्हणणार नाही. पण स्तुतीचे गीत गाताना नजर पडद्यावरच्या आकड्याकडे जात असेल, तर आपण कोणासमोर गात आहोत हे आपल्यापैकी प्रत्येकाने प्रामाणिकपणे विचारावे. मी आता व्हिडिओ टाकते आणि आठवडाभर तो उघडून पाहत नाही. पहिले काही आठवडे फार जड गेले.

मुलीला मी यार्देनेची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने मला निरुत्तर करणारा प्रश्न विचारला. "पण देवाला तर सगळेच आवडतात ना? मग मी आवडले त्यात विशेष काय?" मी दोन दिवस विचार केला आणि मग तिच्यासमोर लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ ठेवला, ज्याच्याकडे शंभरांतली नव्याण्णव मेंढरे असूनही तो हरवलेल्या एकासाठी रानोमाळ फिरतो. तिच्या फोनमध्ये शंभरापुढे एकाने काही फरक पडत नाही. त्या मेंढपाळाच्या मोजणीत मात्र एक कमी म्हणजे कमीच. तू ते एक आहेस, आणि तुझा भाऊही ते एक आहे, असे मी तिला म्हणाले.

ती काही बोलली नाही. मावशीच्या फोनवरून तो फोटो मी मागवून घेतला, त्याची प्रत काढून आणली आणि आजीच्या बायबलशेजारी कपाटावर ठेवली. परवा तिने तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि परत ठेवताना थोडा पुढे सरकवून ठेवला.