पोर्टल ब्रिज : ‘एडिसनकर’ यांना उत्तर

एडिसनकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो : न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक नदीवरच्या खिळखिळ्या फिरत्या पुलाचे मी माझ्या लेखात गोडवे गातोय, मैल्याच्या एका बार्जसाठी (सपाट मालवाहू बोटीसाठी) हजारो माणसं गाडीत ताटकळतात, आणि रोज न्यूयॉर्कला कामाला जावं लागलं असतं तर 1910 सालचं लोखंड मला एवढं देखणं दिसलं नसतं.

पटलेलं आधी. 1996 चा अपघात मी लिहिलाच नव्हता. त्या नोव्हेंबरात पुलावरच्या जोडरुळाचं टोक वर राहिलं, गाडी घसरली आणि समोरून येणाऱ्या गाडीला घासली. 40 हून जास्त माणसं जखमी झाली. कुणी दगावलं नाही, पण लेखातून ते गाळायला हे कारण पुरत नाही. चुकलंच माझं.

मात्र पूल ‘अडतो’ तो का, हे तुम्ही ‘जुनाट’ या एका शब्दात उरकलंत. मधला 300 फुटांचा भाग नदीतल्या खांबावर आडवा फिरतो, म्हणजे बोटीला दोन्ही बाजूंनी वाट मिळते. उघडणं त्यामानाने सोपं. रुळांची टोकं उचलायची, टोकाखालच्या पाचरी काढायच्या, पाव फेरा फिरवायचा. खरी परीक्षा मिटताना. सगळं पुन्हा तंतोतंत जागेवर बसून कुलूपबंद होईपर्यंत गाडीला सिग्नल मिळत नाही. नाहीच बसलं तर माणसं घण घेऊन रूळ ठोकतात! त्यात डोक्यावरच्या विजेच्या ताराही जुळाव्या लागतात, आणि 1910 मध्ये त्या तिथे नव्हत्याच. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने पूल बांधला तेव्हा वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून येई. तारा आल्या 1930 च्या दशकात. पुढे रोजच्या गाड्या साडेचारशेच्या घरात गेल्या, रुळांच्या जोड्या मात्र दोनच. नेमलेल्या कामापेक्षा कितीतरी जास्त ओझं त्याने वाहिलं. माझं कौतुक एवढ्यापुरतं होतं.

आता बार्ज. ‘दोन लाख प्रवासी विरुद्ध एक बोट’ हा तुमचा हिशेब मला मान्य नाही. नदी हाही रस्ताच आहे, आणि रेल्वेच्या आधीचा. 1856 मध्ये मिसिसिपीवरच्या पहिल्या रेल्वेपुलावर, तोही फिरताच, एफी आफ्टन नावाची आगबोट आदळली. बोटवाल्यांनी दावा लावला. पुलाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. नदीतून वर-खाली जाणाऱ्याचा जितका हक्क, तितकाच ती ओलांडणाऱ्याचा, असा त्यांचा मुद्दा. ज्युरीचं एकमत झालं नाही. ध्यानात घ्या, लिंकननी रेल्वेसाठी ‘तितकाच’ हक्क मागितला होता, जास्त नाही. बाकी गर्दीच्या वेळी पूल उघडण्यावर तटरक्षक दलाचे निर्बंध आहेतच. आणि तो मैला वरच्या अंगाच्या बर्गन काउंटीतल्या घरांचा. ट्रकने न्यायचा म्हणालात, तर उद्या टर्नपाइकवरून, म्हणजे तिथल्या टोलच्या महामार्गावरून, गाडी हाकणारा कुणी मला अशीच प्रतिक्रिया लिहील.

तुमचा राग खरा आहे, फक्त पत्ता चुकलाय. जुना पूल भरतीच्या पाण्यापासून जेमतेम 23 फूट उंच. नवा 50 फूट, न फिरणारा. तो झाला की बोट खालून आणि गाडी वरून, कुणी कुणासाठी थांबायला नको. या नव्या पुलाला पर्यावरणाची मंजुरी 2008 मध्येच मिळाली होती. बांधायला घेतला 2022 मध्ये. मधली 14 वर्षं मुख्यतः पैसे कुणी द्यायचे यात गेली. बोलायचंच तर त्या 14 वर्षांबद्दल बोला, लोखंडाला आणि बार्जच्या खलाशांना कशाला?

पूल जपून ठेवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. नवा चालू झाल्यावर जुना काढून टाकायचं ठरलंय, ते योग्यच आहे. मूळ लेखात अपघाताचा परिच्छेद आज घालतोय. शीर्षकातलं ‘नदीचा म्हातारा राजा’सुद्धा काढतो, ते मलाही आता जरा जास्तच वाटतंय. फोटो मात्र राहू दे.